लोखंडी नांगर, खारवट जमीन आणि मातीतले धातू

सांगली जिल्ह्यातल्या कुंडलचे नाव निघाले की बहुतेकांना स्वातंत्र्यलढ्यातले प्रतिसरकार आठवते. आम्हाला येथे सांगायची आहे ती गोष्ट त्याच्याही आधीची, आणि ती आहे मातीची.

विसाव्या शतकाच्या आरंभी लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर तयार केला. नांगर चांगला होता, पण गिऱ्हाईक मिळेना. पहिले थोडे नांगर खपायला दोन वर्षे लागली असे सांगतात. लाकडी नांगराची सवय हे त्याचे एक कारण होते. दुसरे कारण असे, की लोखंडाचा फाळ जमिनीत फिरला तर जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पुढे बेळगावातली जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या राजेसाहेबांनी किर्लोस्करांना आपल्या संस्थानात जागा दिली. १९१० साली कुंडल रोड या रेल्वे स्टेशनजवळच्या निवडुंगाने भरलेल्या माळावर कारखाना उभा राहिला आणि त्या जागेची किर्लोस्करवाडी झाली. नांगरही नंतर घरोघर पोहोचले.

ही गोष्ट वर्गात सांगितली की मुले हसतात. पण हसून सोडून देण्यापूर्वी शेतकऱ्याचा प्रश्न नीट मांडून पाहू. धातूमुळे जमीन विषारी होते का? होत असेल तर केव्हा? कृष्णाकाठच्या जमिनीपुरते या प्रश्नाचे उत्तर गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांच्या इतिहासात विखुरलेले आहे. ते येथे एकत्र करण्याचा आमचा प्रयत्न आहे.

एका एकरात किती लोखंड?

एक एकर जमिनीचा वरचा २० सेंटिमीटरचा थर घेतला तर त्यातल्या मातीचे वजन सुमारे १,००० टन भरते. आपल्याकडची काळी जमीन बसाल्ट या खडकापासून, म्हणजे काळ्या पत्थरापासून, बनलेली आहे आणि या खडकात लोह भरपूर असते. मातीत लोहाचे प्रमाण ५ टक्केच धरले तरी एका एकराच्या वरच्या थरात ५० टन लोह निघते. नांगराचा अख्खा फाळ झिजून मातीत मिसळला तरी त्यात काही किलोंचीच भर पडेल. तेव्हा लोखंडाच्या फाळाने जमीन विषारी होण्याची भीती निराधार होती.

आता याच शेताची दुसरी बाजू पाहा. ५० टन लोहात मुळे रोवून उभा असलेला ऊस कित्येकदा पिवळा-पांढरा पडतो. शेतकरी त्याला केवडा म्हणतात. केवड्याचे एक मोठे कारण लोहाची कमतरता हे आहे. भोवती एवढे लोह असून ते पिकाला मिळत नाही, कारण चुनखडीयुक्त जमिनीत ते न विरघळणाऱ्या रूपात अडकून बसलेले असते.

मातीत एखादा धातू किती आहे आणि त्यातला किती सुटा आहे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पोषक धातूंना हे लागू पडते तसेच विषारी धातूंनाही. कॅडमियम, शिसे, निकेल, क्रोमियम यांना आपण ढोबळपणे जड धातू म्हणतो. तांबे आणि जस्त हेही त्याच गटात मोडतात, पण ते पिकाला थोडे लागतात आणि जास्त झाले की बाधतात. हे धातू मातीत कोणत्या कुलपात बंद आहेत आणि ते कुलूप कशाने उघडते, हे कळल्याशिवाय नुसत्या आकड्यावरून काहीच ठरत नाही.

मातीची कुलुपे

माती पदार्थ धरून ठेवते हे इंग्लंडमध्ये १८५० च्या सुमारास प्रयोगाने दिसून आले. हॅरी टॉम्सन आणि जे. टी. वे यांनी मातीच्या थरातून अमोनियम क्षारांचे द्रावण झिरपवले. अमोनियम मातीत राहिले आणि खाली आलेल्या पाण्यात कॅल्शियम उतरले. मातीने एक धन आयन घेतला व त्याच्या बदल्यात दुसरा सोडला. यालाच आज आपण धन आयन विनिमय म्हणतो. मातीचे बारीक कण ऋणभारित असल्यामुळे हे घडते.

काळ्या जमिनीत अशा चिकणमातीचे प्रमाण भरपूर असते. ते पहिले कुलूप. दुसरे कुलूप चुनखडीचे. तिच्यामुळे जमिनीचा सामू ८ च्या आसपास राहतो आणि अशा विम्ल जमिनीत बहुतेक जड धातू फारसे विरघळत नाहीत. तिसरे कुलूप सेंद्रिय पदार्थांचे. पालापाचोळा, मुळे, शेणखत कुजून जो ह्यूमस तयार होतो, त्याच्या रेणूंवर आम्लधर्मी गट असतात. हे गट धातूला विनिमयापुरते धरतातच, शिवाय खेकड्याने नांगीत पकडावे तसे दोन-तीन बाजूंनी जखडतात. वजनास वजन घेतले तर ह्यूमसची धारणक्षमता चिकणमातीच्या दुपटीच्या आसपास असते.

मात्र ही पकड सर्व धातूंवर सारखी नाही. तांबे आणि शिसे ह्यूमसला घट्ट चिकटतात. जस्त आणि कॅडमियम त्या मानाने सैल राहतात. कॅडमियमची ही सैल पकड पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

आपल्या उष्ण हवेत सेंद्रिय पदार्थ लवकर जळतात. बागायती जमिनीतही सेंद्रिय कर्ब पुष्कळ ठिकाणी अर्ध्या टक्क्याच्या आसपासच असतो. उसाचे पाचट पेटवून दिले, शेणाच्या गोवऱ्या झाल्या आणि जनावरे कमी झाली की हे कुलूप आणखी झिजते.

कालव्याबरोबर आलेले मीठ

या गोष्टीतले दुसरे पात्र मीठ. नीरा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला आणि बारामतीकडच्या कोरड्या मुलखात ऊस उभा राहिला. पंचवीस वर्षे होतात न होतात तोच त्याच खोऱ्यात पांढरे पट्टे दिसू लागले. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मान आणि त्यांचे सहकारी ताम्हाणे यांनी या जमिनींचा अभ्यास करून १९१० साली नीरा खोऱ्यातील खाऱ्या जमिनींवर पुस्तिका लिहिली. किर्लोस्करवाडीची स्थापना झाली त्याच वर्षी ही पुस्तिका निघाली. पुढे पाटबंधारे खात्यातले क्लॉड इंग्लिस यांनी दख्खनच्या कालव्यांवरील पाणथळ जमिनींच्या निचऱ्याचे काम हाती घेतले. त्यांचा आणि गोखले यांचा याविषयीचा अहवाल १९२८ चा आहे. म्हणजे रोग आणि उपाय, दोन्हींची नोंद स्वातंत्र्यापूर्वीच झालेली होती.

मीठ येते कुठून? कालव्याचे पाणी गोडच असते. पण एका लिटरात २०० मिलिग्रॅम क्षार असलेले गोड पाणी वर्षभरात उसाला एकरी ८० लाख लिटर दिले, तर त्याबरोबर १,६०० किलो क्षार शेतात येतात. पीक पाणी पिते, ऊन पाणी उडवते आणि क्षार मागे राहतात. जमिनीला निचरा असेल तर ते पावसाळ्यात धुऊन जातात. खोल काळ्या जमिनीतून पाणी सावकाश उतरते. पाटाच्या पाण्याने भूजल वर चढले की ते केशाकर्षणाने पृष्ठभागापर्यंत येते, तेथे वाळते आणि मीठ फुटते.

कृष्णाकाठी हेच थोडे उशिरा घडले. कराडजवळ खोडशीच्या बंधाऱ्यावरून निघालेला कृष्णा कालवा एकोणिसाव्या शतकातला असला तरी उसाचा खरा विस्तार झाला तो कोयना धरणानंतर. १९६० च्या दशकात नदीला बारमाही पाणी आले. सहकारी उपसा योजना झाल्या, साखर कारखाने उभे राहिले. ताकारीच्या उपसा योजनेने पाणी वरच्या माळालाही पोहोचवले. दुष्काळी मुलखाला या पाण्याने जगवले हे विसरता येणार नाही. पण वाळवा, पलूस, मिरज आणि शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यांत नदीकाठची हजारो एकर जमीन खारवट-चोपण झाली, हेही तितकेच खरे आहे.

खारवट आणि चोपण हे शब्द आपण एका दमात म्हणतो, पण ती दोन दुखणी आहेत. अमेरिकेतल्या रिव्हरसाइड येथील क्षारता प्रयोगशाळेने १९५४ मध्ये त्यांच्या सीमा ठरवल्या. मातीच्या संपृक्त अर्काची विद्युतवाहकता ४ डेसीसायमन प्रति मीटरपेक्षा जास्त असेल तर जमीन खारवट. विनिमयाच्या जागांपैकी १५ टक्क्यांहून अधिक जागा सोडियमने बळकावल्या असतील आणि सामू साधारणपणे साडेआठच्या पुढे असेल तर ती चोपण. धातूंच्या बाबतीत ही दोन दुखणी वेगवेगळ्या रीतीने वागतात.

खारवट जमीन आणि कॅडमियम

खारवट जमिनीत सोडियम, कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे आयन दाटीने असतात. वे यांच्या प्रयोगात अमोनियमने कॅल्शियमला हुसकावले, तसेच हे आयन चिकणमातीवरच्या कॅडमियम, जस्त यांना हुसकावतात. पण याहून महत्त्वाचे काम मिठाचा दुसरा घटक क्लोराइड करतो. क्लोराइड कॅडमियमशी जोडी जमवतो. या जोडीवरचा धनभार निम्मा होतो किंवा नाहीसा होतो, आणि मग ऋणभारित मातीची त्यावरची पकडही सुटते. जमिनीतले पाणी चांगलेच खारट असेल तर विरघळलेल्या कॅडमियमपैकी निम्म्याहून अधिक अशा क्लोराइडच्या जोडीने फिरत असते. शिशाशी क्लोराइडची गट्टी यापेक्षा कमी, जस्ताशी त्याहून कमी आणि तांब्याशी जवळजवळ नाहीच.

हे नुसते कागदावरचे रसायन नाही. ऑस्ट्रेलियात मॅक्लॉक्लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेतातले बटाटे तपासून १९९४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. बटाट्यातले कॅडमियम मातीतल्या क्षारतेबरोबर, विशेषतः क्लोराइडबरोबर, वाढत होते. जमिनीत कॅडमियम थोडे असूनही खाऱ्या पाण्यावरच्या पिकात ते अधिक उतरत होते.

कॅडमियमची एवढी धास्ती का, हे जपानच्या इतिहासावरून कळते. तोयामा प्रांतातून वाहणाऱ्या जिंझू नदीच्या वरच्या अंगाला कामिओका येथे जस्त-शिशाची खाण होती. तिचे सांडपाणी नदीतून भातखाचरांत जाई. तिथल्या लोकांना, विशेषतः प्रौढ स्त्रियांना, हाडे ठिसूळ करणारा आणि भयंकर वेदना देणारा आजार होई. त्याचे नावच 'इताई-इताई', म्हणजे 'दुखतंय, दुखतंय', असे पडले. १९६८ मध्ये जपान सरकारने तो कॅडमियममुळे झालेला आजार असल्याचे मान्य केले. तेथे कारण खाणीचे होते, मिठाचे नव्हे, आणि आपल्याकडे तसे प्रदूषण आहे असे आम्हाला मुळीच सुचवायचे नाही. ध्यानात घ्यायची गोष्ट वेगळी आहे. तांबे फार झाले तर पीक आधी रोडावते आणि शेतकऱ्याला इशारा मिळतो. कॅडमियम माणसाला बाधेल इतके झाले तरी पीक हिरवेगार दिसू शकते.

चोपण जमिनीत कुलूपच विरघळते

चोपण जमिनीची तऱ्हा निराळी. पावसानंतर तिच्या पृष्ठभागावर काळपट, तेलकट डाग दिसतात. कॅलिफोर्नियात यूजीन हिलगार्ड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अशा जमिनींचा अभ्यास केला. त्यांना तेथे 'काळा अल्कली' म्हणत. पांढऱ्या मिठाची जमीन काळी का दिसते? सोडियम कार्बोनेटमुळे सामू वाढतो आणि ह्यूमस विरघळून पाण्याबरोबर वर येतो. पाणी वाळले की तो पृष्ठभागावर काळा थर होऊन बसतो.

ह्यूमसला घट्ट चिकटलेले तांबे अशा वेळी कुठे जाईल? ह्यूमसबरोबरच. म्हणजे ज्या कुलपावर आपण भिस्त ठेवली तेच पाण्यात तरंगू लागते. जास्त सामूमुळे बाकीचे धातू बरेचसे बसून राहतात, पण ह्यूमसला बांधलेले धातू हलू शकतात. हिलगार्ड यांनी यावर जिप्समचा उपाय सांगितला आणि तो आजही चालतो. जिप्सममधले कॅल्शियम सोडियमला हटवते, सामू खाली आणते आणि ह्यूमसला पुन्हा मातीशी बांधते.

हे वर्गात दाखवता येईल. तीन पेल्यांत पाणी घेऊन प्रत्येकात दोन चमचे चांगले कुजलेले शेणखत घाला. पहिला पेला तसाच ठेवा, दुसऱ्यात दोन चमचे मीठ आणि तिसऱ्यात अर्धा चमचा धुण्याचा सोडा टाका. ढवळून रात्रभर ठेवा व सकाळी फडक्यातून गाळा. सोड्याच्या पेल्यातले पाणी कोऱ्या चहासारखे काळपट निघेल, मिठाचे फिकट राहील. आता त्या काळपट पाण्यात दोन चमचे जिप्समची पूड घालून अधूनमधून ढवळा. दुसऱ्या दिवशी वरचे पाणी बरेच फिके पडलेले दिसेल. चोपण जमीन आणि तिचा उपाय, दोन्ही मुलांनी डोळ्यांनी पाहिले.

कुंडलच्या शिवारात धातू येतात कुठून?

या भागात मोठी खाण नाही. धातूंचा पहिला साठा खुद्द खडकातला. बसाल्टच्या एका किलोत तांबे कित्येकदा १०० मिलिग्रॅमहून जास्त असते. त्यामुळे आपल्या मातीत तांबे किंवा निकेल जास्त आढळले म्हणून लगेच कारखान्याकडे बोट दाखवणे बरोबर नाही.

दुसरी वाट द्राक्षबागांची. पलूस-तासगावचा भाग द्राक्षांचा आहे. फ्रान्समध्ये मिलार्डे यांनी १८८५ मध्ये प्रसिद्ध केलेले बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद आणि चुना, आजही केवड्यासारख्या बुरशीरोगांवर फवारले जाते (द्राक्षावरचा हा केवडा उसाच्या केवड्याहून वेगळा). एक टक्क्याचे ४०० लिटर मिश्रण फवारले तर ४ किलो मोरचूद लागते आणि त्यात १ किलो तांबे असते. तांबे कुजत नाही, उडत नाही, वरच्याच थरात साठते. फ्रान्समधल्या जुन्या बागांत ते किलोमागे शेकडो मिलिग्रॅमपर्यंत गेलेले आहे.

तिसरी वाट खतांची. स्फुरदाची खते ज्या खडकापासून होतात त्यात थोडे कॅडमियम असते आणि त्याचे प्रमाण खाणीगणिक बदलते. त्याच उसाला आपण म्युरेट ऑफ पोटॅश देतो. त्यात वजनाच्या जवळजवळ निम्मे क्लोराइड असते. निचऱ्याच्या जमिनीत ते वाहून जाते, पाणथळ जमिनीत साचते.

चौथी वाट शहरी कचऱ्याच्या खताची. यात एक पेच आहे. सेंद्रिय पदार्थ धातूंना धरतात हे खरे, पण तेच धातू घेऊन आले तर? इंग्लंडमध्ये वोबर्न येथे १९४२ पासून सुमारे वीस वर्षे काही वाफ्यांना सांडपाण्याचा गाळ दिला गेला. गाळ देणे थांबल्यावर त्यातले सेंद्रिय पदार्थ हळूहळू कुजून गेले, धातू मात्र कित्येक दशके वरच्या थरात टिकून राहिले आणि क्लोव्हरच्या मुळांवरचे नत्र स्थिर करणारे जिवाणू त्यांनी बाधित केले. म्हणून आपल्या खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टसाठी मर्यादा घातल्या आहेत. किलोमागे कॅडमियम ५, शिसे १००, तांबे ३०० आणि जस्त १,००० मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. गोठ्यातले शेणखत, पाचट, ताग-धैंचाचे हिरवळीचे खत यांच्याबाबत ही काळजी कमी.

मग करायचे काय?

आमचे सांगणे थोडक्यात असे. काळ्या, चुनखडीयुक्त जमिनीला निसर्गाने जड धातूंविरुद्ध चांगले संरक्षण दिले आहे आणि घाबरण्याचे कारण नाही. पण गेल्या साठ-सत्तर वर्षांत आपण एकाच वेळी दोन गोष्टी केल्या. जमिनीतले मीठ वाढवले आणि सेंद्रिय पदार्थ घटवले. धातूचा कणही न वाढता त्यातला सुटा भाग वाढावा अशी ही तजवीज आहे.

उपायाचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी पाणी मोजून देणे आणि निचरा काढणे. चर असोत की जमिनीखालचे सच्छिद्र पाइप, पाणी बाहेर गेल्याशिवाय मीठ जात नाही. जमीन चोपण असेल तर माती तपासून जिप्सम. आणि त्याबरोबर दरवर्षी सेंद्रिय खत, कारण आपल्या हवेत ते एकदा देऊन भागत नाही. चोपण जमिनीत निचरा व जिप्समशिवाय नुसते शेणखत ओतले तर त्यातला बराच ह्यूमस काळे पाणी होऊन निघून जाईल, हे आपण पेल्यात पाहिलेच. निचऱ्याचे पाणी ज्या ओढ्याला जाते तो ओढाही कोणाच्या तरी विहिरीजवळून वाहतो. त्या पाण्याची अधूनमधून तपासणी व्हायला हवी.

२०१५ पासून शेतकऱ्यांना मृद आरोग्य पत्रिका मिळू लागली. तिच्यात बारा गोष्टींची नोंद असते. तांबे व जस्त त्यात आहेत, कॅडमियम आणि शिसे नाहीत. तरीही तिच्यातले दोन आकडे आपल्या विषयाबद्दल पुष्कळ सांगतात. एक विद्युतवाहकता, म्हणजे मीठ, आणि दुसरा सेंद्रिय कर्ब. (पत्रिकेतली विद्युतवाहकता बहुधा पातळ अर्कात मोजलेली असते. वरची ४ ची सीमा तिला जशीच्या तशी लावू नये.) विद्यार्थ्यांना घरच्या पत्रिका आणायला सांगा. नदीकाठच्या आणि माळावरच्या शेतांचे हे दोन आकडे फळ्यावर शेजारी शेजारी मांडा. मीठ जास्त आणि कर्ब कमी अशी शेते कोणती आहेत ते मुले स्वतःच शोधतील, आणि तेथे पाणी कधीपासून येते हे घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारून घेतील. गावाच्या जमिनीचा इतिहास असाच गोळा होतो.

लोखंडाच्या फाळाला भिणारा तो शेतकरी चुकला होता. पण जमिनीत काय जाते आणि त्याचे पुढे काय होते, ही त्याची विचारणा चुकीची नव्हती. आज आपण तीच विचारणा पाण्याबद्दल, खताबद्दल आणि फवारणीबद्दल करायला हवी.